कोमट पाणी

आबांचे हात भाजत नाहीत, हा त्या घरातला जुना विनोद होता.

आबांनी उभा जन्म कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर काढला होता. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण कुठे वाफेचा फुस्स आवाज झाला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. घरात त्यांचा मुलगा, सून आणि नात. मुलगा शहरातली बस चालवायचा. सून एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर होती. नात तीन वर्षांची. ती एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे आबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर ती दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत असं समजून खेळत राहायची.

मुलगा आणि सून कामावर गेले की भिंगरी आबांच्या ताब्यात. तिला भरवणं, झोपवणं, तिच्या केसांचा गुंता सोडवणं, सगळं आबा करायचे. आंघोळ तर खास त्यांचीच. “माझ्याशिवाय कुणाच्या हातून आंघोळ करत नाही पोरगी,” असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. खरं म्हणजे त्यांच्या हातूनही ती सुखासुखी करायची नाही. पाण्याला पाय लागला की भोकाड पसरायची. मग आबा तिच्या काखेत हात घालून तिला टबात उभी धरायचे आणि थोडा वेळ रडू द्यायचे. रडून झालं की तीच पाणी उडवायला लागायची, आणि मग तिला बाहेर काढताना पुन्हा भोकाड.

सुनेच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती एका साध्याशा सकाळी. चहा उकळून वर आला होता आणि सांडशी सापडत नव्हती. नवरा फडकं शोधायला वळला, तेवढ्यात आबांनी पातेल्याचे काठ दोन्ही हातांनी धरले, पातेलं उचललं आणि सावकाश सगळ्यांचे कप भरले. एक थेंब बाहेर नाही.

“बघ,” नवरा हसत तिला म्हणाला. “लोखंडाचे हात आहेत. उगाच नाही कारखाना ह्यांना सोडत नव्हता.”

तीही हसली. पण हसता हसता तिचं लक्ष आबांच्या चेहऱ्याकडे होतं. तिचा स्वतःचा दिवस गरम लोखंडाशी जायचा. मनगटांवर जुन्या चटक्यांच्या काळपट रेघा होत्या. चटका बसला की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर येतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सोसणारा माणूसही तिला माहीत होता. तो दात आवळतो, श्वास धरतो, भांडं जरा घाईने खाली ठेवतो. आबांनी यातलं काहीच केलं नव्हतं. ते काही सोसतच नव्हते.

पुढे काही दिवसांनी त्यांच्या बोटावर तिला फोड दिसला. चांगला टपोरा, पाण्याने भरलेला.

“आबा, हे कसं झालं?”

“कुठे?” आबांनी हात वर करून पाहिला. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तसे ते त्या बोटाकडे पाहत राहिले. “असेल काहीतरी. लागलं असेल कुठेतरी.”

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. आबा शर्टाची बटणं आता भिंगरीकडून लावून घ्यायचे. तो दोघांचा खेळ आहे असं तिला वाटत होतं. किल्ली कुलपात घालायला त्यांना वेळ लागायचा. खिशातली वस्तू काढायची तर ते हात घालून चाचपत नसत, खिसाच उलटा करत.

तिने नवऱ्यापाशी विषय काढला. “आबांच्या हाताला कळत नाही बहुतेक.”

“म्हणजे?”

“गरम-गार. लागलेलं. आपण त्यांना दाखवू या कुणाला तरी.”

“अगं, तुझ्या-माझ्या जन्माआधीपासून ते वाफेत काम करत होते. कातडी जाड झालीये त्यांची.”

“त्यांना साखरेचा त्रास आहे. शेवटची तपासणी कधी केली?”

“ते तूच विचार. मी विचारलं की म्हणतात, मला लवकर म्हातारा करायला निघालाय.”

तिने विचारलंही. आबा म्हणाले, “सूनबाई, गोळी घेतो ना मी रोज न चुकता? मग साखर आपल्या जागी आणि मी माझ्या जागी.” सासऱ्यांच्या हातांवर शंका घ्यायची, आणि ती त्याच हातांनी आपल्या मुलीला सांभाळत असताना, हे तिच्या जिभेवर येईना.

ऐन थंडीत गिझर बंद पडला. मेकॅनिकने तो उघडला, आत डोकावला, आणि पार्ट मागवावा लागेल असं सांगून झाकण लावून निघून गेला. तोवर मोठ्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवायचं आणि टबात विसण घालायचं, असं सुरू झालं. सुरुवातीला सूनच कामावर जायच्या आधी भिंगरीची आंघोळ उरकायची. ती आधी टबात गार पाणी ओतायची, मग गरम, आणि मग कोपर बुडवून बघायची. पण लाँड्रीत एका हॉटेलच्या चादरींचं मोठं काम आलं आणि मालकिणीने सगळ्यांना लवकर बोलावलं.

“आज आंघोळ राहू दे, आबा,” ती चपला घालता घालता म्हणाली. “मी आल्यावर घालीन.”

“कालही राहिली. पोरगी गुळाच्या ढेपेसारखी चिकट झालीये. मला काय पाणी तापवता येत नाही?”

“तसं नाही हो.”

“मग कसं?”

मग कसं, ते तोंडावर सांगता येण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “आधी गार ओता. गरम नंतर.”

“घ्या. बॉयलरवाल्याला पाणी शिकवतेय,” आबा भिंगरीला म्हणाले, आणि ते हसले म्हणून भिंगरीही पोट धरून हसली.

लाँड्रीत त्या दिवशी तिचा हात चालेना. चादर टेबलावर पसरायची, पायाने पेडल दाबलं की वाफ वर यायची, इस्त्री फिरायची, घडी पडायची, पुढची चादर. एरवी तिने हे झोपेतही केलं असतं. त्या दिवशी प्रत्येक वेळी वाफ वर आली की तिला न्हाणीघराचं दार दिसायचं. तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आबांना फोन नेहमीच ऐकू यायचा नाही, किंवा ऐकू आला तरी सापडायचा नाही. तिने पुन्हा लावला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, “अगं, आजोबा आहेत ना घरी? मग कशाला जीव टांगून घेतेस?”

“हो ना,” ती म्हणाली, आणि इस्त्री उचलली.

घरी तोवर पाणी उकळलं होतं. आबांनी पातेलं न्हाणीत नेलं आणि टबात ओतलं. आधी गरमच ओतलं. सुनेने सांगितलेलं ते कधीच विसरले होते. मग गार पाण्याचे तांबे ओतले. मग शर्टाची बाही वर सारून उजवा हात मनगटापर्यंत आत घातला आणि पाणी ढवळलं. न्हाणीभर वाफ होती, पण थंडीत ती असतेच. पाणी कोमट लागलं. कोमट काय, जरा गारच. पोरीला सर्दी व्हायची, म्हणून त्यांनी पातेल्यात उरलेलं पाणीही त्यात रिकामं केलं आणि पुन्हा हात फिरवून पाहिला. आता ठीक होतं.

त्यांनी भिंगरीच्या काखेत हात घातले आणि तिला टबात उभं केलं.

ती किंचाळली. ती रोजच किंचाळायची. “झालं, झालं,” आबा म्हणाले, आणि तिला नेहमीसारखं घट्ट धरून ठेवलं. “आत्ता मजा येईल बघ.” तिने पाय वर घ्यायला पाहिले. तेही ती रोज करायची. मग तिचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून आवाज यायचा बंद झाला. ते काही रोजचं नव्हतं. आबांनी तिला वर उचललं, आणि तिच्या पायांकडे पाहिलं.

यानंतर त्यांनी जे केलं ते मात्र अगदी बरोबर केलं. कारखान्यात शिकवलेलं अंगात मुरलेलं होतं. तिला मांडीवर घेऊन ते नळाखाली बसले आणि गार पाण्याची बारीक धार तिच्या पायांवर धरली. दार वाजलं तरी ते धार सोडून उठले नाहीत. आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू आपल्याकडची किल्ली घेऊन खाली आल्या, न्हाणीत डोकावल्या आणि टूथपेस्ट आणायला धावल्या. “काही लावायचं नाही,” आबा म्हणाले. “काही म्हणजे काही नाही. गाडी बोलवा. आणि सूनबाईला फोन करा.” त्यांच्या अंगावरचे कपडे निथळत होते आणि दात थडथडत होते. भिंगरीचा आवाज आता परत आला होता. तो ऐकत काकूंनी जिन्यातूनच गाडीला आणि सुनेला फोन लावले.

सून दवाखान्यात पोचली तेव्हा भिंगरीला आत नेलं होतं. जळिताच्या विभागातल्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्या शांतपणे बोलत होत्या, आणि त्या शांतपणातच काहीतरी होतं.

“घरी काय झालं ते मला सांगा. आंघोळ कुणी घातली?”

“मी,” आबा बाकावरून म्हणाले.

“मूल गरम पाण्यात पडलं किंवा त्याच्या अंगावर पाणी सांडलं, तर कसंही भाजतं. कुठे जास्त, कुठे शिंतोडे. हिच्या दोन्ही पायांना पिंडरीवर सरळ रेघ आहे, मोजा घातल्यासारखी. शिंतोडे नाहीत.” त्या थांबल्या. “म्हणजे तिला कुणीतरी पाण्यात धरून ठेवलं होतं.”

“मीच धरलं होतं,” आबा म्हणाले. “रोज धरतो.”

तेवढ्यात आबांचा मुलगा आला, बसच्या गणवेशातच, टोपी मुठीत चुरगळलेली. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

“काय केलंत आबा तुम्ही?”

“अरे, पाणी कोमट होतं.”

“कोमट पाण्याने कातडी निघते?”

“मी हात घालून पाहिलं होतं. दोनदा पाहिलं. कोमट होतं.”

“पुरे आता,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण आबांनी मान खाली घातली.

दवाखान्यातली समाजसेविका सुनेला बाजूला एका खोलीत घेऊन गेली. खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि भिंतीवर मुलांसाठी काढलेला एक हत्ती. तिने विचारलं, घरी वाद होतात का. आजोबांना राग लवकर येतो का. मुलगी रडली की ते काय करतात. याआधी तिला कधी काही लागलं होतं का. सून नाही, नाही म्हणत गेली. मग समाजसेविकेने विचारलं, “तुम्हाला स्वतःला कधी वाटलं का, की तिला त्यांच्याकडे सोडू नये?”

सुनेने भिंतीवरच्या हत्तीकडे पाहिलं. वाटलं होतं. त्याच सकाळी वाटलं होतं. पण का वाटलं होतं, ते आता तिचं तिलाच नीट सांगता येईना. हत्तीकडे बघत असताना तिच्या मनात आबांबद्दल एक विचार येऊन गेला. तो तिने पुढे कधीही, कुणालाही सांगितला नाही.

ती बाहेर आली तेव्हा आबा बाकाच्या टोकाला एकटेच बसले होते. मुलगा दूर खिडकीपाशी पाठ करून उभा होता. आबांचे ओले कपडे अंगावरच वाळत होते, आणि उजवा हात वरून चढवलेल्या कोटाच्या खिशात होता. कितीही झालं तरी म्हातारा माणूस. तिने पाण्याचा पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

आबांनी हात खिशातून बाहेर काढला आणि पेला घेतला.

हात सुजून लालभडक झाला होता. मागच्या बाजूला मोठमोठे फोड आले होते. त्यातला एक फुटून पाणी बाहीवर उतरलं होतं आणि कातडी सुटून लोंबत होती. मनगटाशी सरळ रेघ होती. तिच्यावर हात नेहमीसारखा सुरकुतलेला, कोरडा. त्या हाताने आबा पेला धरून सावकाश पाणी प्यायले आणि पेला तिला परत दिला.

“आबा,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “हे दुखत नाही?”

“काय?” आबांनी विचारलं.

तिने डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. डॉक्टरबाईंनी तो हात पाहिला, रेघ पाहिली, मग आबांना वेळ देऊन प्रश्न विचारले. साखर किती वर्षं. पायाला मुंग्या येतात का. यायच्या, आबा म्हणाले, आता बऱ्या झाल्यात, हल्ली येत नाहीत. डॉक्टरबाईंनी एक बारीक सुई आणली. “डोळे मिटा. मी तुमच्या डाव्या हाताला टोचणार आहे. कळलं की हो म्हणा.”

आबांनी डोळे मिटले. सुई एकेका बोटाच्या टोकाला टेकत गेली. मग तळहाताला, मग अंगठ्याच्या मुळाशी. मुलगा खिडकीपासून जवळ येऊन उभा राहिला होता. सुनेने तोंडावर हात धरला होता.

बराच वेळ गेल्यावर आबा म्हणाले, “करा ना डॉक्टर सुरू. मी तयार आहे.”

डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली. “डोळे उघडा, आजोबा.”

आबांनी आपला डावा हात पाहिला. बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके उभे होते. मग त्यांनी उजवा हात पाहिला. ते काहीतरी जुळवत होते आणि ते जुळू नये असंही त्यांना वाटत होतं. “म्हणजे पाणी...” ते म्हणाले.

समाजसेविकेचे प्रश्न त्यानंतर थांबले. तिने आबांच्या खांद्यावर हातही ठेवला. भिंगरीच्या मांडीची कातडी काढून पायांवर लावली. डॉक्टरबाई म्हणाल्या, लगेच गार पाण्याखाली धरलं नसतं तर घाव हाडापर्यंत गेला असता. हे त्या मुद्दाम आबांसमोर म्हणाल्या, पण आबांपर्यंत ते पोचलं की नाही, कळलं नाही. पुढचे कित्येक दिवस सून दवाखान्यातच राहिली. ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की भिंगरीला ढकलगाडीच्या चाकांच्या आवाजावरूनच कळायचं, आणि ती आईचा पदर तोंडात कोंबून घ्यायची.

आबांचा हात बरा होत आला. मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता. बायकोने आपल्याला आधीच सांगितलं होतं, हे त्याला विसरता येत नव्हतं, आणि ती त्यावरून एका शब्दानेही टोचत नव्हती. तिने टोचलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला कधीकधी वाटे.

एक दिवस सून कपडे न्यायला घरी आली तर आबांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

“बहिणीकडे जातो,” आबा म्हणाले. “तिच्याकडे लहान कुणी नाही.”

“भिंगरी रोज विचारते, आबा कुठे गेले. तिला काय सांगू?”

“सांग, आबांनी तुझे पाय भाजले.”

“ते तिला माहीत आहे. तरी विचारते.”

आबा बॅगेकडे बघत उभे राहिले. सुनेने बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि कपडे एकेक करून परत कपाटात लावले. तेवढ्यावर तो विषय संपला. पण त्या दिवसापासून आबा गॅसच्या जवळ गेले नाहीत, आणि भिंगरी घरी आल्यावर तिला उचलूनही घेतलं नाही. ती हात वर करायची, ते तिच्यासमोर जमिनीवर बसायचे. तिच्या पायांत आता घट्ट विणलेले मोजे असायचे, दिवसरात्र. मूल वाढतं तशी ही नवी कातडी वाढत नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. उंची वाढली की ती ताणेल, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल. किती वेळा, ते आत्ताच सांगता येणार नाही.

आणखीही एक सांगितलं होतं, मुलाला बाजूला घेऊन. हातांचं जे झालंय ते पायांचं त्याहून आधी झालेलं असणार. त्यांना काही लागलं तरी कळणार नाही. रोज कुणीतरी त्यांचे तळवे बघायला हवेत.

ते काम मुलाने घेतलं. तो बसवरून यायचा, हात धुवायचा, आबांच्या समोर स्टूल ओढून बसायचा आणि त्यांचा एकेक पाय आपल्या मांडीवर घेऊन टॉर्चच्या उजेडात पाहायचा. टाच, चवडा, बोटांमधल्या फटी. एक शब्द न बोलता. आबा छताकडे बघत बसायचे. सून स्वयंपाकघरातून ते बघायची आणि तिला वाटायचं, या घरात आता सगळे एकमेकांना फक्त तपासतात.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी टॉर्च एका जागी थांबला. अंगठ्याच्या खाली, चवड्याच्या मांसात, काळसर भोक होतं, आणि भोवती कातडी पांढरी पडली होती. मुलाने चप्पल उलटी करून पाहिली. तळातून एक बारीक खिळा वर आला होता.

“हे कधीपासून?” त्याने विचारलं. कित्येक आठवड्यांनी तो त्यांच्याशी बोलत होता.

“काय?” आबा म्हणाले.

मुलाने पाय तसाच मांडीवर धरून ठेवला. जखमेला वास येत होता. काल तिथे काही नव्हतं, की काल आपण नीट पाहिलं नव्हतं, हे त्याला आठवेना. भिंगरी सरकत सरकत जवळ आली, वाकली आणि त्या भोकाकडे पाहून तिने आपले दोन्ही पाय पोटाशी घेतले.

“उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ,” मुलगा म्हणाला.

“तुझी बस?”

“बसचं बघतील ते.”

“उगाच खाडा कशाला करतोस? मला काही दुखत नाही रे.”

“माहीत आहे, आबा,” मुलगा म्हणाला. “मला माहीत आहे.” आणि त्याने बायकोला कोमट पाणी आणि स्वच्छ फडकं आणायला सांगितलं.